ताई, गहू सोडायच्या आधी एक टेस्ट राहिलीय

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं ताईच म्हणते. पत्र चार पानांचं आहे, थोडक्यात सांगते. ताई ३४ वर्षांच्या, दोन मुलं, घर आणि शेत दोन्ही बघतात. चार-पाच वर्षं झाली पोट फुगतं, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ नाही, हिमोग्लोबिन ८ च्या वर चढतच नाही, लोहाच्या गोळ्यांचे डबेच्या डबे रिकामे झाले. मध्ये व्हॉट्सॲपवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला, गव्हातलं ग्लुटेन सोडा म्हणजे सगळे आजार जातात असा, आणि यांनी दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद केली. २५ दिवस झालेत, पोट हलकं वाटतंय. पण सासूबाई नाराज आहेत, रोज म्हणतात, "माय, तुले काय व्हयनं? गहू खाईसन कोनी आजारी पडस का?" आणि आता श्रावणात कानबाई येणार, आपली खानदेशची देवी, तिच्या प्रसादाचा घरचा गव्हाचा रोट आहे, तो नाही खाल्ला तर कसं व्हायचं. शिवाय ९ वर्षांच्या मुलाची उंची वाढत नाहीय, वर्गात सगळ्यात बुटका दिसतो, त्याचीही पोळी बंद करू का असं विचारलंय.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यात पाणी आलं, कारण हिमोग्लोबिनचा तो आकडा आणि त्या गोळ्या, हे सगळं माझं पण आहे. मी जळगावची, २०१६ साली मला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आतड्याचा आजार, निघाला तेव्हा मी ४१ वर्षांची होते, वजन ४३ किलो, हिमोग्लोबिन ७.४. त्याच्या आधी तीन वर्षं मला सगळीकडे एकच ऐकायला मिळालं की बायकांना रक्त कमी असतंच, पाळीमुळे असेल, गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, गोळी घ्या. मी सगळं खाल्लं. जिना चढताना तरी मधल्या पायरीवर बसावं लागायचं.

म्हणून सगळ्यात आधी, अगदी कळकळीने सांगते, गहू अजून कायमचा सोडू नका. तुम्हाला विचित्र वाटेल, बरं वाटतंय तर ही बाई परत खायला का सांगतेय. कारण सिलिअ‍ॅक आहे का हे ज्या रक्ताच्या टेस्टने कळतं ती टेस्ट गहू पोटात जात असेल तरच खरं सांगते. टीटीजी-आयजीए म्हणतात तिला. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रोटीन, कणिक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळेच, आणि सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाचं शरीर ग्लुटेन आलं की स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात, त्या मोजायच्या. गहू बंद केला की हल्ला थांबतो आणि खुणा हळूहळू पुसल्या जातात. मग रिपोर्ट नॉर्मल येतो, डॉक्टर म्हणतात तुम्हाला काही नाही, घरचे म्हणतात बघ आम्ही सांगतच होतो, आणि खरा आजार तसाच आत राहतो. माझ्या माहितीतल्या एका मुलीचं असंच झालं, चार महिने गहू बंद ठेवून मग टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आनंदाने परत पोळ्या सुरू केल्या आणि दोन वर्षांनी तिचं सगळं कळलं तोपर्यंत हाडं ठिसूळ झाली होती.

तुमचे तर २५ च दिवस झालेत, म्हणजे फार उशीर नाही झाला. डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा की २५ दिवसांपासून गहू बंद आहे. ते कदाचित आत्ताच टेस्ट करा म्हणतील, पॉझिटिव्ह आली तर प्रश्न मिटला, निगेटिव्ह आली तर मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. मग गहू परत सुरू करून कमीत कमी ६ आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणात खायचा आणि परत टेस्ट करायची. सोबत टोटल आयजीए पण करायला सांगा, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए नावाचं प्रतिद्रव्य मुळातच कमी असतं आणि त्यांची टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आल्यावर बहुतेक वेळा पोटाचे डॉक्टर दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा बारीक तुकडा काढून बघतात. दुर्बिणीला घाबरू नका, मी घाबरून एक महिना टाळलं आणि झालं काय तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि परत गहू खाल्ल्यावर खूपच त्रास होत असेल तर सहन करत बसू नका, डॉक्टरांना सांगा. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ अशी एक जनुकांची टेस्ट असते ती गहू बंद असतानाही करता येते, ती दोन्ही नसली तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असं समजतात. असली म्हणजे आजार आहेच असं मात्र नाही, कितीतरी ठणठणीत लोकांमध्ये ती असतात.

लोहाच्या गोळ्या का लागू पडत नाहीत हे मला कोणी आधी समजावून सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. लहान आतड्याच्या आतून बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, मखमलीसारखे, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. सिलिअ‍ॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. आणि लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीलाच, नेमकी जिथे सगळ्यात जास्त झीज असते तिथे. म्हणजे खत टाकतोय पण मुळ्याच नाहीत असं ते. गोळीचा दोष नाही आणि तुमचा तर अजिबात नाही.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. तुम्हाला सिलिअ‍ॅक असेलच असं मी म्हणत नाहीय. गहू सोडला म्हणजे फक्त गहू सुटत नाही ना, चहासोबतची खारी सुटते, टोस्ट सुटतो, बिस्किटं, पाव, बाहेरची कचोरी, समोसा सगळंच सुटतं. त्याने पोट हलकं वाटणारच. शिवाय गव्हात फ्रुक्टन नावाचा कर्बोदकाचा एक प्रकार असतो, कांदा-लसणात पण असतो, काही जणांना त्याने गॅस धरतो आणि ते नाव ग्लुटेनचं घेतात. तुम्हीच लिहिलंय की काळ्या मसाल्याची भाजी खाल्ली की जास्त फुगतं, त्या वाटणात भाजलेला कांदा किती असतो तुम्हाला माहितीच आहे. आणि रक्त कमी असायची कारणं जंत असू शकतात, थायरॉइड असू शकतं, पाळीत जास्त जाणं असू शकतं. गव्हाची ॲलर्जी हा आणखी वेगळाच प्रकार, त्यात अंगावर पित्त उठतं, श्वास लागतो. म्हणून म्हणते आधी कळू दे काय आहे ते. सिलिअ‍ॅक निघाला तर जन्मभर, सणासुदीला पण नाही, असं पाळावं लागतं. नसला तर उगीच जन्मभर कशाला. आणि वजन कमी करायला, चेहरा उजळायला म्हणून ग्लुटेन सोडणाऱ्यांना मी सरळ नको म्हणते, ग्लुटेनमध्ये तसं काही नाही.

सासूबाईंना सांगा की हे मोबाईलमधून निघालेलं खूळ नाही. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांना बऱ्याच आधीपासून गव्हाची शंका होती, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा त्यांच्याकडची ही पोटाची आजारी मुलं उलट सुधारली. पाव परत आला तशी परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आणि आपल्या देशात पण हा आजार आहे, जिथे पोळी रोजची तिथे जास्त सापडतो, उत्तरेकडे साधारण शंभरात एक माणूस, दक्षिणेला त्याहून बराच कमी. सासूबाईंना हेही विचारा की त्यांच्या लहानपणी घरात पोळी कधी व्हायची. आमच्या आजीकडे तर पोळी म्हणजे सण किंवा पाहुणा, एरवी दोन्ही वेळ भाकरीच.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढे काय, ते पण सांगते कारण तुम्ही विचारलंय खायचं तरी काय. ताई, आपण खानदेशात जन्मलो हे नशीब समजा. ज्वारी चालते, बाजरी चालते, मका, नागली, तांदूळ, भगर, राजगिरा, सगळ्या डाळी चालतात. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, वर ठेचा आणि शेंगदाण्याचं तेल, यात काय कमी आहे सांगा. बामणोदच्या वांग्यांचं भरीत चालतं, फक्त सोबत पुरी नको, भाकरी घ्या. फुणके-कढी चालते, डुबुकवड्यांची भाजी चालते, बिबडे चालतात, केळी तर काय घरचीच. दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं, ब्रेड यांच्या मागे लागू नका, महाग पण असतात आणि त्यात नुसता स्टार्च आणि साखर. घ्यायचंच झालं तर पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलंय का बघा, आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे की किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच तसं लिहिता येतं.

पण आपल्याकडे गहू असा ठिकठिकाणी लपलेला असतो की विचारू नका. पोळी बंद केली की आपण सुटलो असं वाटतं. रवा म्हणजे गहूच, सत्यनारायणाचा शिरा म्हणजे गहू, आखाजीच्या सांजोऱ्या, शेवया, लापशी, मैदा, वरण-बट्टीची बट्टी, सगळा गहू. आणि कुरडया! उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून चीक काढतो तो आपण स्वतःच्या हाताने, तरी तळलेली कुरडई ताटात आली की ती गव्हाची आहे हे डोक्यात येत नाही, मी स्वतः पहिल्या वर्षी लग्नात दोन खाल्ल्या. जव म्हणजे बार्ली पण चालत नाही, त्यामुळे सातूचं पीठ नको, माल्टची पावडर दुधात घालून देतो ती पण नको. हिंगाची डबी उलटी करून वाचा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. शेव बेसनाचीच असते पण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात तळली तर उपयोग नाही, म्हणून शेवभाजी खायची तर शेव घरी पाडा.

आणि गिरणी. हे मला कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगते. गहू सोडून सहा महिने झाले होते, सगळं काटेकोर, तरी पोट थांबेना, रिपोर्ट सुधारेना. माझा धीर सुटत चालला होता. एक दिवस नणंद आली होती, मी भाकऱ्या करत होते आणि ती म्हणाली वहिनी आज भाकरी किती सुंदर थापली गेलीय, एक कड फाटली नाही. मी हात थांबवून बघतच राहिले. ज्वारीची भाकरी, पीठ आठ दिवसांचं, मी आधणाचं पाणी पण नव्हतं घातलं, कड फाटायलाच पाहिजे होती. पिठाचा गोळा चिमटीत धरून ओढला तर तो तुटला नाही, थोडा ताणला गेला. ज्वारी कधी ताणते का ताई? दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन उभी राहिले. माझ्या आधीच्या बाईचा गहू संपला, गिरणीवाल्या दादांनी लगेच माझी ज्वारी वर ओतली, आणि खाली माझ्या डब्यात पहिली दोन-तीन ओंजळ जे पीठ पडलं ते मऊ, पिवळसर, सरळ सरळ गव्हाचं. मागून ज्वारीचं पांढरं, जरा खरखरीत पीठ आलं. त्यांची काही चूक नाही, वर्षानुवर्षं असंच चालतं, आपलं थोडं दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचं थोडं आपल्याकडे. पण एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं आणि सिलिअ‍ॅकवाल्यांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, मग त्या दोन ओंजळीत किती गेलं असेल बघा. त्या दिवाळीला साडी नको म्हटलं आणि घरघंटी घेतली, तिच्यात आजपर्यंत गव्हाचा दाणा गेलेला नाही. चार महिन्यांत जुलाब थांबले, वर्षाने हिमोग्लोबिन ११.८ झालं. घरघंटी लगेच जमणारी नसेल तर भावकीत, मैत्रिणीत कोणाकडे फक्त उपासाचं दळायला वेगळी आहे का विचारा, किंवा घरच्या जात्यावर, तेही स्वच्छ करून. डब्बा घेऊन गिरणीत सकाळी पहिला नंबर लावला तरी पुरत नाही, आदल्या रात्रीचा गहू आत असतोच.

घरात बाकीच्यांनी पोळी सोडायची गरज नाही, तेवढं घरच्यांना आधीच सांगून टाका म्हणजे भांडण होत नाही. तुमची परात, तवा वेगळा ठेवा. लाकडी पोळपाट-लाटणं तुमच्यासाठी वापरू नका, त्याच्या भेगांत कणिक बसते. तुपाच्या भांड्यात पोळीचा चमचा जातो तिकडे लक्ष ठेवा, मी माझं तूप आणि लोणचं वेगळ्या बरणीत काढून ठेवते. लग्नाला जाताना डबा न्या आणि लाजू नका. पहिल्या वेळी मला फार लाज वाटली होती, सगळी पंगत वरण-बट्टी चुरतेय आणि मी रुमालातून भाकरी काढतेय, पण शेजारच्या आजींनी माझ्याकडून अर्धी मागून घेतली आणि मला रडूच आलं.

मुलाचं. त्याची पोळी अजिबात बंद करू नका, आज तर नाहीच. मुलांमध्ये उंची न वाढणं, हे सिलिअ‍ॅकचं एकमेव लक्षण असू शकतं, पोट दुखलंच पाहिजे असं नाही, म्हणून तुमची शंका योग्य आहे. पण त्याचीही टेस्ट तो नेहमीसारखं खात असतानाच करायची. तुम्हाला आजार निघाला तर आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला निघतो, म्हणून तुमच्या मुलीचीही करून घ्या. मुलांच्या डॉक्टरांकडे त्याची उंची-वजनाची जुनी नोंद असेल तर ती सोबत न्या, लसीकरणाच्या कार्डावर असतं बरंच काही. माझ्या मोठ्या मुलाची टेस्ट आम्ही केली, निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी काही वर्षांनी परत करायला सांगितली तशी केली.

आणि आता कानबाई. मला माहितीय, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ हीच होती, आजाराबद्दल तुम्ही इतकं नाही घाबरलात जेवढं रोटाबद्दल. आमच्याकडेही कानबाई आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रोटाचा गहू घरच्या माणसांच्या नावाने मोजतो, आणि रोट फक्त घरचेच खातात, बाहेर जात नाही. त्यामुळे न खाणं म्हणजे आपण घरचे नाही असं वाटायला लागतं. पहिल्या वर्षी मी रात्रभर झोपले नाही. शेवटी माझ्या सासूबाईंनीच, देव त्यांना सुखात ठेवो, माझ्या ताटात रोट वाढला, मी तो कपाळाला लावला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून माझ्या नवऱ्याच्या ताटात ठेवला. म्हणाल्या तुझा हा खाईल. तेव्हापासून आमच्याकडे तसंच आहे. आजार निघाला तर तुमच्याकडेही काहीतरी मार्ग निघेल, पण तो सासूबाईंना काढू द्या, तुम्ही आधी जाहीर करू नका.

यंदा तर तसा प्रश्नच नाही. टेस्टसाठी गहू परत सुरू करावा लागला तर सहा आठवडे पोळी खायचीच आहे, आणि पत्र आषाढात आलंय म्हणजे कानबाई त्याच सहा आठवड्यांत येतेय. डॉक्टरांना भेटून या, त्यांनी हो म्हटलं की सासूबाईंना सांगा उद्यापासून मी पोळी खाणार आहे, यंदाचा रोट पण खाणार आहे, आणि कानबाई उठली, सहा आठवडे भरले की तुम्ही माझ्यासोबत रक्त द्यायला यायचं. मुलालाही घेऊन जा. रिपोर्ट आला की त्याचा फोटो नको, नुसते आकडे लिहून पाठवा, मी वाट बघतेय.